पारशिवनीची लाइन अन् चार इंचाची लिफ्ट

१४ ऑक्टोबर

आजपासून डायरी. आधी इंग्लिशमधे लिहाले बसलो होतो. पहिल्याच पानात तीनदा 'एक्साइटेड' लिहिल्या गेलं. वाचून मलेच ओकारी आली, पान फाडलं. आता घरी जसं बोलतो तसंच लिहून राहिलो. शाळेतल्या मराठीच्या मॅडमनं हे वाचलं तं बेशुद्ध पडतील. पडो.

मुद्दा असा. आमचं नागपूरले इतवारीत भांड्यायचं दुकान आहे. बाबा, म्हणजे मनोहरराव, आजही गादीवर मांडी घालून बसतात अन् एसी लावा म्हटलं तं म्हणतात, पितळेले गरम होत नाही. आज जेवताना त्यायनं जाहीर केलं का पारशिवनीची लाइन आता ते करणार नाहीत, गुडघे गेले. लाइन म्हणजे गाडीत भांडी भरायची अन् तिकडचे आठवडी बाजार, लग्नघरं करत फिरायचं. लगीनसराईत आमचा अर्धा धंदा तिकडूनच येते. तं ह्या सीझनले मी पिकअप घेऊन जाईन अन् माझा चुलतभाऊ जितूदादा त्याचा तीनचाकी टेम्पो घेऊन जाईन. डिसेंबरात मुहूर्त संपतात. तोपर्यंत जो जास्त विकन, लाइन त्याची. हारन तो दुकानात बसन, मोड तोलत.

मोड म्हणजे लोकायची जुनी फुटकी भांडी. ती घ्यायची, काट्यावर ठेवायची, वजन सांगायचं. गिऱ्हाईक म्हणते कमी सांगितलं, आपण म्हणायचं नाही सांगितलं. हे मरेपर्यंत. खिडकी नसलेल्या खोलीत. मले जगात दुसरं काहीही करा म्हणा, हे नाही.

तशी काळजी नाही. जितूदादा म्हणजे काय, बाथरूमची चप्पल घालून गिऱ्हाइकाकडं जाणारा माणूस. बोलताना एका गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. असा माणूस अन् मी, हे काही मॅच नाही.

१७ ऑक्टोबर

पिकअपचे टायर घासले आहेत, पाटे, म्हणजे खालच्या स्प्रिंगा, बसले आहेत. बाबानं दुरुस्तीले पैसे दिले. जितूदादा तिथंच होता. म्हणाला, "पाटे टाक, टायर टाक, झालं गा. उरलेल्या पैशाचा माल भर. आंदणाचे गुंड संपतेत लवकर."

आंदण म्हणजे लग्नात पोरीले द्यायची भांडी, अन् गुंड म्हणजे त्यातले पाण्याचे पितळी हंडे. हे त्याचं व्हिजन. पाटे टाक, टायर टाक.

माझी पिकअप फोर बाय फोर आहे. फोर बाय फोर! बाबानं ती सेकंडहँडमधे सस्ती भेटली म्हणून घेतली अन् आठ वर्षांत तो फोर बाय फोरचा गियर एकदाही टाकला नाही. म्हणजे घरी वाघ पाळायचा अन् त्याले पोहे खाऊ घालायचे.

१९ ऑक्टोबर

ऑफ-रोड क्लबच्या पोट्ट्यायले भेटलो. क्लब म्हणजे काय, सिव्हिल लाइन्सच्या कॅफेसमोर गाड्या लावून एकमेकायच्या टायरचे फोटो काढणारे लोक. एकाची जीप एवढी उंच आहे का त्याची बायको चढताना त्याले शिव्या देते. अन् त्यातली एकही गाडी कधी डांबर सोडून खाली उतरली नाही. चिखल लागला तं वॉशिंगले नेतात अन् धुवायच्या आधी फोटो.

तरी त्यातला ओमप्रकाश, सगळे ओपी म्हणतात, त्याले माहिती आहे. त्यानं लिस्टच सांगितली. चार इंचाची लिफ्ट, म्हणजे पूर्ण गाडी तेवढी वर. मोठे मड टायर. समोर विंच, म्हणजे मोटरवर फिरणारा दोर, फसलेली गाडी ओढाले. अन् स्नॉर्कल, म्हणजे बॉनेटच्या बाजूनं छपरापर्यंत जाणारा पाइप. पाण्यात बुडाली तरी इंजिनाले श्वास घेता येते.

मी विचारलं, वर्थ आहे का पण?

ओपी म्हणाला, "भाई, वर्थ का सवाल ही गलत है."

दिखाऊ माणूस. पण पॉइंट बरोबर आहे. त्याले गरज नाही, मले आहे. माझी गाडी खरोखर खेड्यात जाते.

२६ ऑक्टोबर

आठवडाभर डोकं लावलं. घ्यावं का नाही. पैसे बाबानं दिले त्यात भागत नाही, माझी बाइक विकावी लागते. बाइक विकली अन् लाइन गेली तं मी पायी दुकानात जाऊन मोड तोलन. हे समजते मले. मी काही बुद्दू नाही.

हर्षाले विचारलं. माझी बहीण सीए आहे, तिले प्रत्येक गोष्टीत खर्चच दिसते. म्हणाली, "पारशिवनीले सिमेंटचा रोड आहे ना बे. तू भांडे विकाले चालला का आफ्रिकेत हत्ती पकडाले?"

मी म्हटलं, पांदण रस्ते असतात. शेताशेतामधून जाणारे. तिथं चिखल राहते.

"शेतात कोण भांडे घेते? बैल?"

आता पाहा. विरोधात कोण आहेत? हर्षा, जिनं आयुष्यात कधी गियरची गाडी चालवली नाही. जितूदादा, त्याच्याबद्दल लिहिलंच आहे. विरोधातली माणसं पाहिली का उत्तर आपोआप भेटते.

बाइक विकली.

५ नोव्हेंबर

गाडी आली. काय दिसून राहिली! वाडीच्या गॅरेजमधून शहरात येईपर्यंत प्रत्येक सिग्नलवर लोकं पाहून राहिले होते.

इतवारीत नेली अन् सगळी मजा गेली. दुकानाचा ओटा अन् गाडीचा फाळका नेहमी एका लेव्हलले येतात, हमाल पेट्या नुसत्या सरकवतात. आता फाळका ओट्याच्या वर गेला. देवाजी, आमचा जुना हमाल, गाडीकडं पाहत उभा राहिला अन् म्हणाला, "मालक, याच्यात भरायचं का याच्या डोक्यावर?" बाकीचे हमाल हसले. दोन माणसं जास्त लागली. मग मजुरी जास्त मागितली, अर्थात. ह्या लोकायले चान्स पाहिजे.

बाबा ओट्यावर आले. गाडीभोवती एक चक्कर मारली. स्नॉर्कलवर बोटानं टकटक केलं, दुकानात परात वाजवतात तसं.

"हे काय होय?"

मी सांगितलं.

"म्हणजे गाडी बुडली तं चालन."

"हाव."

"गाडी बुडली तं माल कुठं राहीन?"

मी फाळका लावाले गेलो. बाबा आत जाताना म्हणाले, "उंटावरून शेळ्या हाकून राहिला माहा पोट्टा." ह्यायच्याकडं प्रत्येक गोष्टीले एक जनावर आहे.

९ नोव्हेंबर

पहिला बाजार. सुपरहिट!

पारशिवनीले गाडी लावली अन् पाच मिनिटात गर्दी. पोट्टे टायरवर हात ठेवून फोटो काढून राहिले होते. एक म्हातारा स्नॉर्कल पाहून म्हणाला, याच्यातून फवारणी होते का. एवढी गर्दी बाबाले आयुष्यात भेटली नसन.

जितूदादा तिकडे कोपऱ्यात. टेम्पो बाजूले, खाली ताडपत्री, ताडपत्रीवर भांडी, अन् मधात हा स्वतः उकिडवा. त्याच्याजवळ नुसत्या बाया बसल्या होत्या, आपल्या घरी बसल्यासारख्या. भांडी उचलून राहिल्या, वाजवून राहिल्या, चहा पिऊन राहिल्या. धंदा आहे का भिशी?

विक्री कमी झाली. माझी. पण पहिला दिवस आहे, अन् ब्रँड बनवाले टाइम लागते.

१६ नोव्हेंबर

ह्या एरियातल्या बायायले टेस्ट नाही. सिंपल.

त्या येतात. गाडीपासून थोड्या दूर उभ्या राहतात. मान वर करून पाहतात. फाळका त्यायच्या डोक्याच्या बरोबरीनं येते, तं मी एक प्लास्टिकचं स्टूल आणलं. कस्टमर एक्स्पीरियन्स! म्हटलं, या ना मावशी, चढा, बिनधास्त पाहा. एकही चढली नाही. एका पोट्टीनं पाय ठेवला तं तिच्या मायनं दंडाले धरून खाली ओढलं. "भर बाजारात स्टुलावर चढते का वं? मागं पोट्टे उभे हायेत ना." आता पोट्टे तं गाडी पाहाले उभे होते. ह्यात गाडीचा काय दोष?

मग पुष्पलताबाई आल्या. जवळच्या खेड्यातल्या, बरी शेती आहे, सोबत आलेल्या मुलीचं, खुशीचं, लग्न आहे डिसेंबरच्या सुरुवातीले. म्हणजे पूर्ण आंदण घ्यायचं आहे, गुंड, पराती, गंगाळ, डबे, सगळं. अशी एक ऑर्डर म्हणजे चार बाजार. मी वरून गुंड दाखवला.

"वाजवून दाखव," म्हणाल्या.

मी वाजवला.

"तू वाजवला गा. माह्या हातात दे."

वाकून दिला. वाजवला. परत दिला. दुसरा मागितला. वाकून दिला. तिसरा मागितला. मग म्हणते, पहिलावाला पुन्हा दे. माझी कंबर गेली. अन् मागं एक माणूस विंचची किंमत विचारून राहिला होता, त्याले काय सांगू का हिले गुंड देऊ?

मी म्हटलं, "मॅडम, सगळे सेम आहेत. मशिनमधूनच येतात."

त्यायनं माझ्याकडं खालून वर पाहिलं. "सेम हाय त तुह्याचपाशी ठेव बाबू. मी भांडं घ्याले आली, देवळाचा कळस पाहाले नाही."

बाजूच्या बाया एवढ्या हसल्या का एकीनं पदर तोंडात घातला.

अन् गेल्या कुठं? ताडपत्रीवर. जितूदादाजवळ. तिथं बसून एक एक गुंड मांडीत घेतला, कानापाशी वाजवला, खुशीले वाजवाले लावला, दोघीत भांडण झालं, चहा झाला, पुन्हा पहिला गुंड आणला. एक बाई, अख्खी दुपार. मी मनात म्हटलं, घे, बस हिच्यासोबत, तोपर्यंत मी दहा गिऱ्हाईकं करतो.

माझ्याकडं नंतर कोणी आलं नाही. जितूदादाले पूर्ण आंदणाची ऑर्डर भेटली. लक असते काहीकाहीचं.

१७ नोव्हेंबर

हर्षा म्हणते, "तू भांडी खाली काहून नाही ठेवत?"

मी म्हटलं, मी खाली बसून विकाले इंग्लिश मीडियममधे शिकलो का? गाडीचं मग काय करू, तिची सावली विकू?

म्हणाली, "सावली तरी चांगली पडते."

सीएचा जोक.

२४ नोव्हेंबर

आता बोला! पेंचकडं एका नवीन रिसॉर्टवाल्याले भेटलो. रोडवरून माझी गाडी दिसली म्हणून त्यानंच थांबवलं. त्यालेही ऑफ-रोडिंगचं वेड. अर्धा तास फक्त सस्पेन्शनवर बोललो, मग मी इंग्लिशमधे कोटेशन दिलं. शंभर लोकायच्या स्टीलच्या प्लेटा, डिश, बुफेची भांडी. ऑर्डर पक्की, माल पोचला, पैसे आले.

म्हणजे गाडीनंच विकलं ना? सांगा हर्षाले.

बाबानं हिशोब पाहिला. म्हणाले, "तू पुढं हायस आता. जितूचं ते पुष्पलताबाईचं आंदण पोचलं तं तो पुढं जाईन. मंग मुहूर्तच नाही राहत फारसे." म्हणजे सगळं त्या एका आंदणावर आहे.

जितूदादा समोरच होता. मले म्हणते, "भारी केलं गा साहिल. मले नसतं जमलं. त्यायले पाहून माही इंग्लिशच बंद होते." अन् हसला. ह्याले कळतही नाही का आपण हारून राहिलो. असल्या माणसाले हरवाची मजाच येत नाही.

३ डिसेंबर

पूर्ण लिहितो, कारण हे कोणाले सांगता येणार नाही.

आज खुशीची हळद होती, उद्या लग्न. त्यायच्याकडं हळदीच्या आधी आंदणाची भांडी मांडवात मांडतात, पाहुणे येऊन पाहतात. कोणत्या बापानं काय दिलं ते गावाले दिसलं पाहिजे. तिथं मोकळी जागा राहिली तं लग्नात दुसरं बोलणंच होत नाही. मले माहीत आहे हे, भांडीवाल्याच्या घरी जन्मलो.

मी पारशिवनीत होतो. अकराच्या सुमारास जितूदादाचा फोन.

"साहिल, कुठी हायस?"

त्याचा आवाज वेगळा होता. हा माणूस टेम्पो घेऊन पांदणीनं निघाला होता, शॉर्टकटनं. पक्का रस्ता सोडून! अन् रात्री गव्हाले कालव्याचं पाणी सोडलं होतं, कोणाच्यातरी वावरातून बांध फुटून ते पांदणीत आलं होतं. टेम्पोचं एक चाक कडेच्या नालीत, इंजिन बंद, टेम्पो वाकडा, अन् त्यात खुशीचं पूर्ण आंदण.

"ट्रॅक्टर?"

"सगळे वावरात. चार वाजता येतो म्हणते एक जण. हळद दोन वाजता हाय गा."

मी म्हटलं, पाहतो. फोन ठेवला.

गाडीत बसलो. चाबी लावली नाही.

हिशोब साधा होता. मी काहीच करायचं नव्हतं. खोटं बोलायचं नव्हतं, कोणाचं वाईट करायचं नव्हतं. फक्त मी नागपूरच्या रोडवर आहे असं म्हणायचं होतं. आंदण पोचत नाही, पुष्पलताबाई ऑर्डर परत करतात, मी पुढं राहतो, लाइन माझी. जितूदादा आयुष्यभर मोड तोलते, त्याले तसंही फरक पडत नाही, तो तिथंही चहा पाजत बसन.

मग मी विचार केला का विंच आणल्यापासून एकदाही वापरली नाही. टेस्ट तं झाली पाहिजे. म्हणून गेलो.

म्हणूनच गेलो.

पांदणीत जितूदादा पाण्यात उभा, पँट मांडीपर्यंत, हातात चप्पल. मी म्हटलं, "तुले अक्कल आहे का? तीनचाकीनं पांदण घेते का कोणी? भैताड!"

"हाव गा," म्हणाला. "भैताडच हाय."

फोर बाय फोरचा गियर टाकला अन् रिव्हर्समधे पाण्यात घुसलो. काय सांगू! चिखल नव्हताच तिच्यासाठी. लोणी. पाणी मात्र गुडघ्याएवढंच होतं, स्नॉर्कलपर्यंत यायचं नावच नाही. अपमान.

वाकडा टेम्पो भरलेला ओढला असता तं पलटला असता. म्हणून आधी माल काढला. जितूदादा खाली पाण्यात, मी वर. तो एक एक भांडं डोक्यावरून वर द्यायचा. गुंड, परात, गंगाळ. एकालेही पोचा नव्हता, सगळ्यायले त्यानं गवतात अन् जुन्या लुगड्यात गुंडाळलं होतं. एक गुंड घेताना माझा हात सटकला, तं त्यानं छातीवर झेलला, "आबाबा," म्हणाला अन् पुन्हा वर दिला. म्हणाला, "हा पहिलावाला होय. बाईनं चारदा आणवला होता."

तो ओळखत होता कोणता गुंड कोणता. सेमच होते ते.

मग बाजूच्या वावरातून गाडी वळवून तोंड टेम्पोकडं केलं, अन् विंच. हुक लावला, बटन दाबलं, दोर ताणला, अन् टेम्पो असा वर आला जसं दात काढते डॉक्टर. परफेक्ट. फसल्याची जागा, अँगल, सगळं परफेक्ट. व्हिडिओ काढणारं कोणी नव्हतं.

टेम्पो सुरू होईना, म्हणून आंदण माझ्याच गाडीतून गेलं. जितूदादा बाजूले बसला, ओला. पुष्पलताबाईच्या घरी पोचलो तं मांडवात पाहुण्या बाया बसून होत्या अन् भांड्यायची जागा सारवून, रांगोळी काढून तयार होती. रिकामी. पुष्पलताबाई फाटकातच उभ्या. रडल्या होत्या का काय, चेहरा तसा होता. मले पाहून म्हणाल्या, "हा कळसवाला?"

"मावशी, यानंच आणलं," जितूदादा म्हणाला. "मी तं नालीत होतो."

मी वरून देत होतो, बाया खालून घेत होत्या. ओळच लागली, हातोहात. अन् प्रत्येक गुंड मांडाच्या आधी त्यायनं पुन्हा वाजवला, विश्वास नाही म्हणून नाही, आवाज ऐकाले. खुशी हळदीच्या साडीत बसल्या जागी ऐकत होती. पहिलावाला आला तं तिनं मान हलवली.

आंदण घेऊन आलेल्या गाडीले कुंकू लावतात. पुष्पलताबाईचा हात बॉनेटले पोचेना. मी म्हटलं, राहू द्या. म्हणाल्या, "राहू काहून देऊ? एवढी उंच गाडी, एखादी जागा त असन माणसाच्या हाताची." अन् विंचच्या हुकाले लावलं.

पैसे त्यायनं जितूदादाच्या हातात मोजले. ऑर्डर त्याचीच होती.

परत येताना त्यानं विचारलं, "तुले माहीत होतं ना गा, आंदण नसतं पोचलं तं काय झालं असतं?"

मी म्हटलं, "मले टेस्ट करायची होती."

"हाव ना," म्हणाला. मग पँटीवरचा चिखल खरवडत, "भारी हाय मशीन."

पहिल्यांदा त्याच्या तोंडातून एक टेक्निकली बरोबर गोष्ट निघाली.

१५ डिसेंबर

बाबानं दोघायले बसवलं. मुहूर्त संपले. लाइन जितूदादाची.

जितूदादा सांगाले लागला का मोठे बाबा, त्या दिवशी साहिल नसता तं. मी म्हटलं, ऑर्डर त्याची होती, विषय संपला. मले त्याचं उपकारावालं तोंड पाहायचं नव्हतं.

तो गेल्यावर बाबानं विचारलं, "गाडीचा खर्च वसूल झाला?"

मी म्हटलं, "हाव."

बाबा चष्म्यावरून पाहत राहिले. मले वाटलं आता एखादं जनावर निघन. नाही निघालं. म्हणाले, "सोमवारपासून दुकानात येजो. मी बसीन तुह्या बाजूले थोडे दिवस. कानानं मोड ओळखाले शिकवतो, काट्याच्या आधी. कोणालेच नाही शिकवलं आजपर्यंत."

ह्यात काय शिकायचं? पितळ वाजते, कासं वाजते. तरी हो म्हटलं.

१७ डिसेंबर

क्लबच्या ग्रुपवर एका नवीन पोट्ट्यानं विचारलं, पिकअप आहे, लिफ्ट, विंच सगळं करू का, वर्थ आहे का, एका वाक्यात सांगा. ओपीनं तेच सांगितलं जे मले सांगितलं होतं.

मी लिहिलं, वर्थ आहे, पण त्या दिवशी गाडीत माल दुसऱ्याचा पाहिजे.

तिघायनं हसाचे इमोजी पाठवले. एकानं लिहिलं, साहिल भाई रॉक्स.

भैताड लोकं. मी जोक मारलाच नव्हता.